फ्रॅक्टल प्रतिमांचे वितरित संगणन

फ्रॅक्टल प्रतिमांचे वितरित संगणन म्हणजे एकाच फ्रॅक्टल आकृतीचे गणित जाळ्याने जोडलेल्या अनेक संगणकांवर वाटून करणे आणि तयार झालेले तुकडे जुळवून ते चित्र एका पडद्यावर दाखवणे होय. या पद्धतीच्या संवादी आज्ञावलीत वापरकर्ता माउसने आकृतीचा एखादा भाग निवडतो. तो भाग मोठा होऊन समोर येतो आणि त्यातील आणखी लहान भाग पुन्हा निवडता येतो. प्रत्येक निवडीबरोबर सर्व गणित नव्याने करावे लागते. ते एकाच संगणकावर सोपवले तर पाहणाऱ्याला ताटकळावे लागते. कामाची वाटणी करण्याचे कारण हेच आहे.

गणिती पाया

या क्षेत्रातील सर्वांत परिचित आकृती म्हणजे मँडेलब्रॉट संच. त्याचा नियम शाळकरी विद्यार्थ्यालाही समजेल इतका लहान आहे. शून्यापासून आरंभ करावा, हाती असलेल्या संख्येचा वर्ग करावा, त्यात एक ठरावीक संमिश्र संख्या मिळवावी आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. उत्तराचे मूल्य (शून्यापासूनचे अंतर) 2 च्या पुढे गेले, तर ते पुढे अमर्याद वाढत जाते आणि ती ठरावीक संख्या संचाबाहेरची ठरते. जिच्या बाबतीत असे कधीच घडत नाही, ती संख्या संचातली. संचातील बिंदू सहसा काळे रंगवतात. बाहेरच्या बिंदूला किती आवर्तनांनंतर तो निसटला त्यानुसार रंग देतात. चित्रांतील झळाळणारे पट्टे म्हणजे ही आवर्तनांची मोजणीच असते.

अशा पुनरावर्ती क्रियांचा अभ्यास फ्रान्समध्ये गास्टन ज्युलिया आणि पिएर फातू यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास केला. मात्र त्यांच्याजवळ संगणक नव्हता. बेन्वा मँडेलब्रॉट (1924–2010) यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रातील यंत्रांवर 1980 मध्ये या संचाच्या प्रतिमा काढल्या. ‘फ्रॅक्टल’ हा शब्दही त्यांनीच 1975 मध्ये घडवला. 1985 च्या ऑगस्टमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या मुखपृष्ठावर हा संच झळकला आणि घरगुती संगणक बाळगणाऱ्या हौशी मंडळींना त्याचा छंद जडला.

गणिताचा आवाका

1920 × 1080 बिंदूंच्या पडद्यावर 20,73,600 बिंदू असतात. आवर्तनांची कमाल मर्यादा 1,000 ठेवली आणि सर्व बिंदू संचातले निघाले, तर एका चित्रासाठी 207 कोटींहून अधिक आवर्तने करावी लागतात. खोलवरच्या भागासाठी ही मर्यादा लाखांत न्यावी लागते. 1980 च्या दशकातील वैयक्तिक संगणकाला साध्या चित्रासाठीही तास लागत. 1988 मध्ये आलेल्या फ्रॅक्टइंट या विनामूल्य आज्ञावलीने दशांश अपूर्णांकांऐवजी पूर्णांकांचे गणित वापरून हा वेळ कमी केला. ती स्वयंसेवकांच्या गटाने मिळून वाढवली होती. 1996 च्या सुमारास आलेल्या काओस या आज्ञावलीने वेगळी युक्ती योजली: आधीच्या चित्रातील बिंदू शक्य तेथे पुढच्या चित्रात पुन्हा वापरायचे. त्यामुळे आकृतीत सलग आत शिरत गेल्याचा भास होतो.

कामाची वाटणी

मँडेलब्रॉट संच वाटणीला फारच सोयीचा आहे, कारण एका बिंदूचे उत्तर शेजारच्या बिंदूवर मुळीच अवलंबून नसते. परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याने आपापली उत्तरपत्रिका लिहावी, तसा हा प्रकार. एक संगणक समन्वयकाचे काम करतो. तो चित्राचे तुकडे पाडून कामकरी संगणकांना प्रत्येक तुकड्याचे निर्देशांक आणि आवर्तनांची मर्यादा कळवतो आणि आलेली उत्तरे जागच्या जागी बसवतो. पाठवायचा मजकूर अगदी थोडा असतो. 64 × 64 बिंदूंच्या तुकड्याची आवर्तनसंख्या प्रत्येकी दोन बाइटमध्ये मावत असेल, तर उत्तर 8 किलोबाइटचे होते. म्हणून साध्या जाळ्यावरही हे काम चालते.

तरीही वाटणी चुकू शकते. समजा दहा संगणक आहेत आणि पडद्याचे दहा आडवे पट्टे करून प्रत्येकाला एकेक दिला. संपूर्ण संच पडद्यावर असेल तर वरच्या व खालच्या पट्ट्यांतील बहुतेक बिंदू चार-सहा आवर्तनांतच निसटतात. त्यांचे संगणक क्षणात मोकळे होऊन बसून राहतात. मधल्या पट्ट्यांत काळा भाग येतो, तेथे प्रत्येक बिंदूला शेवटच्या आवर्तनापर्यंत न्यावे लागते. चित्र पुरे होण्याचा वेळ सर्वांत रखडलेल्या संगणकावर ठरतो, त्यामुळे दहा यंत्रे जोडूनही दहापट वेग मिळत नाही. समान क्षेत्रफळ म्हणजे समान श्रम नव्हे, हे विद्यार्थ्यांना समजावण्यास याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

उपाय म्हणजे तुकडे लहान करून मागणीनुसार देणे. वरील पडद्याचे 64 × 64 चे 510 तुकडे होतात (सर्वांत खालची ओळ थोडी अपुरी राहते). ज्याचा तुकडा संपला त्याने पुढचा मागून घ्यायचा. जुना, मंद संगणक कमी तुकडे करतो, नवा अधिक करतो, आणि कोणी रिकामे राहत नाही. मध्येच वीज गेली, तर समन्वयक ठरावीक वेळ वाट पाहून तोच तुकडा दुसऱ्याला देतो. भारनियमन अनुभवलेल्या मराठवाड्यात ही सोय अनाठायी वाटू नये. मात्र तुकडे अतिशय लहान केले तर गणितापेक्षा निरोपानिरोपीतच वेळ जातो. निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांत अपूर्णांकांची शेवटची स्थाने किंचित वेगळी येऊन दोन तुकड्यांच्या सांध्यावर रेघ उमटण्याचाही संभव असतो.

संवादी वापरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. चित्र पुरे होण्याआधीच वापरकर्ता दुसरा भाग निवडतो. तेव्हा वाटलेले काम तत्काळ रद्द करता आले पाहिजे. त्यामुळे आधी ढोबळ चित्र आणि मग बारकावे, असा क्रम ठेवतात. अल्ट्रा फ्रॅक्टल या आज्ञावलीत जाळ्यावरील इतर संगणकांना गणित सोपवण्याची सोय आहे. स्कॉट ड्रेव्ह्ज यांच्या ‘इलेक्ट्रिक शीप’ (1999) या प्रकल्पात तर लोकांचे रिकामे बसलेले संगणक इंटरनेटवरून फ्रॅक्टल चलचित्रे घडवतात आणि पाहणारे आवडत्या चित्राला मत देतात.

पुणे आणि परम

अनेक लहान यंत्रांनी मिळून मोठे काम करण्याच्या कल्पनेला महाराष्ट्रात एक मोठा संदर्भ आहे. प्रगत महासंगणक परदेशातून मिळण्यात अमेरिकेच्या निर्यातबंधनांमुळे अडथळे आल्यावर 1988 मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. त्याचे नेतृत्व अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेल्या विजय भटकर यांच्याकडे होते. 1991 मध्ये सिद्ध झालेला परम 8000 हा एकच बलाढ्य प्रक्रियक घेऊन बांधलेला नव्हता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रक्रियक मोठ्या संख्येने एकमेकांस जोडून तो तयार झाला. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत. मँडेलब्रॉट संच हा ट्रान्सप्युटरच्या प्रात्यक्षिकांचा जगभर ठरलेला विषय होता, कारण प्रक्रियक वाढवले की चित्र किती लवकर भरते, ते डोळ्यांनी दिसे.

परममधील प्रक्रियक एकाच यंत्रात होते, म्हणून त्याला काटेकोरपणे समांतर संगणन म्हणतात. वितरित संगणनात यंत्रे स्वतंत्र आणि विखुरलेली असतात. वाटणीचे तत्त्व मात्र दोन्हीकडे तेच आहे. त्यामुळे निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावीही शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील दहा-पंधरा साधे संगणक एका जाळ्यावर आणून हा प्रयोग करता येतो. त्यासाठी महासंगणक लागत नाही.

मंदिर-शिल्पातील स्वसादृश्य

फ्रॅक्टल आकृतीचा लहान भाग मोठ्या भागासारखा दिसतो. या गुणाला स्वसादृश्य म्हणतात. मुंबईच्या आयआयटीतील कीर्ती त्रिवेदी यांनी 1989 मध्ये हिंदू मंदिरांची रचना फ्रॅक्टल विश्वाचे प्रतिरूप म्हणून मांडणारा लेख प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण भूमिज शैलीत आढळते. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या शिखरावर त्याच शिखराच्या लहान प्रतिकृती ओळीने रचलेल्या असून वर जाताना त्या लहान होत जातात. निलंग्याच्या नीळकंठेश्वर मंदिराचा तारकाकृती तलविन्यास याच ओघात आठवतो. परंतु तेथे कोन मध्याभोवती फिरत जातात, आकाराने घटत नाहीत. ती भ्रमणसममिती होय, फ्रॅक्टल नव्हे. प्रत्येक गुंतागुंतीच्या नक्षीला फ्रॅक्टल म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. शिवाय दगडातील पुनरावृत्ती काही पायऱ्यांनंतर थांबते, गणितातील थांबत नाही.

मर्यादा

संगणकातील नेहमीचे अपूर्णांक सुमारे 15–16 अंकांपर्यंतच अचूक असतात. त्यापलीकडे आकृती मोठी केली की शेजारचे बिंदू एकच ठरू लागतात आणि चित्राचे ठोकळे होतात. अधिक अंकांचे गणित करता येते, पण ते फार मंद चालते. 2013 मध्ये के. आय. मार्टिन यांनी यावर मार्ग सुचवला: एकाच बिंदूची वाटचाल पूर्ण अचूकतेने काढावी आणि इतर बिंदूंचा तिच्यापासूनचा फरक तेवढा साध्या अपूर्णांकांत मोजावा. खोलवरच्या चित्रांचा वेळ यामुळे कितीतरी घटला. मात्र त्या एका बिंदूची वाटचाल वाटून देता येत नाही. प्रत्येक आवर्तनाला आधीच्या उत्तराची गरज असते, त्यामुळे ती संपेपर्यंत जोडलेले बाकीचे सारे संगणक थांबून राहतात.