म्यूट केलेला इतिहास

१० जून १९७१. मेक्सिको सिटीतल्या एका फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला. घरकाम करणारी क्लिओ मालकिणीच्या आईसोबत पाळणा बघायला आली आहे. तिचे दिवस भरत आलेत. रस्त्यावर विद्यार्थ्यांचा मोर्चा निघालाय, पण दुकानात बोलणं चाललंय पाळण्याचं. तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू येतो. माणसं खिडकीकडे धावतात आणि कॅमेराही सावकाश तिकडे वळतो. खाली पोरांना काठ्यांनी झोडपलं जातंय, गोळ्या झाडल्या जातायत. आपण वरून, काचेतून बघत राहतो. मग एक जखमी मुलगा जीव वाचवायला दुकानात शिरतो, त्याच्या मागे मारेकरीही शिरतात. त्यातल्या एकाचं पिस्तूल क्लिओवर रोखलेलं असतं. तो तिच्या पोटातल्या बाळाचा बाप असतो.

अल्फोन्सो क्वारोनच्या ‘रोमा’तला (२०१८) हा प्रसंग. सिनेमा नेटफ्लिक्सवर आहे. काहींनी तो पहिल्या वीस मिनिटांत बंद केला असेल, कारण त्या वीस मिनिटांत फरशी धुतली जाते, गाडी पार्क होते आणि कुत्रा भुंकतो. माझं म्हणणं असं, की इतिहास बघायची हौस असेल तर नेमका हाच सिनेमा बघावा.

त्या दिवशी जे झालं त्याला मेक्सिकोत ‘एल आल्कोनासो’ म्हणतात. ‘आल्कोन’ म्हणजे ससाणा. ‘लोस आल्कोनेस’, म्हणजे ‘ससाणे’, ही सरकारनेच पोसलेली, प्रशिक्षण दिलेली टोळी. गणवेश नाही, हातात काठ्या आणि बंदुका. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते लुईस एचेवेर्रिया. १९६८ साली ऑलिंपिकच्या तोंडावर त्लातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा गृहखातं त्यांच्याकडेच होतं. पुढे त्यांच्यावर वंशसंहाराचा खटला उभा राहिला, काही काळ ते नजरकैदेत होते, २००९ मध्ये त्यातून सुटले आणि २०२२ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी वारले. शिक्षा कोणालाच झाली नाही.

‘रोमा’ यातलं काहीच समजावून सांगत नाही. ना निवेदक, ना पडद्यावर तारखांच्या पट्ट्या. क्लिओ आपल्या प्रियकराला शोधत शहराबाहेरच्या चिखलातल्या वस्तीत जाते, तिथे एचेवेर्रियांच्या नावाची आद्याक्षरं दिसतात. मैदानात शेकडो तरुण काठ्या घेऊन कवायत करत असतात. आपल्याला वाटतं, व्यायामशाळा असेल. ती कसली शाळा होती, हे खिडकीच्या प्रसंगात कळतं. गावी तिच्या आईची जमीन सरकारने घेतली, ही बातमीही अशीच जाता-जाता येते. क्लिओकडे शोक करायला फुरसत नसते, कारण धुणं पडलेलं असतं.

सामान्य माणसाच्या वाट्याला इतिहास असाच येतो. तो घडत असताना आपण दुकानात असतो, रांगेत असतो, दवाखान्यात असतो. दंगलीच्या किंवा पुराच्या आठवणी आजीला विचारा. ती सालाआधी सांगेल की त्या दिवशी घरात दूध नव्हतं.

फोनवर सिनेमा बघण्याला जाणकार नाकं मुरडतात. ‘रोमा’च्या बाबतीत त्यांचं थोडं खरं आहे. त्यातलं बरंच काही चौकटीच्या कडेला घडतं आणि सहा इंचांत ते दिसत नाही. पण फोनवर थांबवता येतं. ती आद्याक्षरं दिसली की थांबायचं, शोधायचं, परत यायचं. थिएटरात हे जमत नाही. फक्त हेडफोन लावा. रताळी विकणाऱ्याची शिट्टी, धार लावणाऱ्याची बासरी, गल्लीतले आवाज हे सगळं कानाभोवती फिरतं. हा सिनेमा निम्मा ऐकायचा आहे.

ऐकण्यावरूनच एक वाद झाला होता. क्लिओ आणि तिची मैत्रीण आदेला आपसात मिश्तेक बोलतात आणि मालकांशी स्पॅनिश. क्लिओ झालेली यालित्सा अपारिसिओ वाहाका राज्यातली. ती शिक्षिका व्हायचं शिकली होती आणि त्याआधी तिने कधी अभिनय केला नव्हता. सिनेमा स्पेनमध्ये लागला तेव्हा नेटफ्लिक्सने मेक्सिकोच्या स्पॅनिशखाली स्पेनच्या स्पॅनिशची सबटायटल्स टाकली. पात्र म्हणतं ‘मामा’, खाली अक्षरं उमटतात ‘माद्रे’. म्हणजे वऱ्हाडी माणूस ‘माय’ म्हणतोय आणि खाली ‘आई’ छापलंय. क्वारोन भडकला आणि नेटफ्लिक्सला ती सबटायटल्स काढावी लागली. वाद किरकोळ वाटेल. पण कोणाची भाषा जशीच्या तशी ऐकायची आणि कोणाची ‘नीट करून’ घ्यायची, हे कोण ठरवतं? माझ्या मते इतिहासातले बरेच झगडे याच प्रश्नाभोवती फिरतात.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण अर्जेंटिनातलं आहे. सांतियागो मित्रेचा ‘अर्जेंटिना, १९८५’ (२०२२) अॅमेझॉन प्राइमवर आहे. तो ‘रोमा’च्या अगदी उलट प्रकारचा. गोष्ट सरळ, विनोद भरपूर, शेवटी टाळ्या. २४ मार्च १९७६ रोजी तिथे लष्कराने सत्ता घेतली. डिसेंबर १९८३ मध्ये लोकशाही परत येईपर्यंत हजारो माणसं ‘बेपत्ता’ झाली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. १९८५ मध्ये तिन्ही सेनादलांच्या नऊ प्रमुखांवर खटला चालला, तोही लष्करी नव्हे तर नागरी न्यायालयात. सरकारी वकील हुलिओ स्त्रासेरा (रिकार्दो दारिनने तो मस्त केलाय) आणि त्याचा तरुण सहकारी लुईस मोरेनो ओकाम्पो हाताशी पोरासोरांची टीम घेऊन साक्षी गोळा करतात. ८३३ साक्षीदार उभे राहिले. ९ डिसेंबर १९८५ रोजी निकाल लागला. पाच जणांना शिक्षा झाली, त्यात जनरल विदेला आणि अॅडमिरल मासेरा यांना जन्मठेप. चार जण सुटले.

या सिनेमाबद्दल माझी एक तक्रार आहे. हा खटला उभा राहिला त्यामागे राष्ट्राध्यक्ष आल्फोन्सिनचा निर्णय होता आणि बेपत्ता माणसांच्या नोंदी जमवणाऱ्या आयोगाचं काम होतं. पडद्यावर हे सगळं पुसट होतं आणि दोन वकिलांची झुंज तेवढी उरते. ‘हिरो’ हवाच, ही सवय इथेही सुटलेली नाही.

पण एका प्रसंगाला मी हे माफ करतो. आद्रियाना काल्वो दे लाबोर्दे ही प्राध्यापक साक्षीला उभी राहते. १९७७ मध्ये तिला पळवून नेलं तेव्हा ती गरोदर होती. पोलिसांच्या गाडीत, डोळ्यांवर पट्टी आणि हात बांधलेले असताना ती बाळंत झाली. सिनेमा इथे काहीच करत नाही, तिला बोलू देतो. ही साक्ष कळल्यावर मोरेनो ओकाम्पोची आई बदलते. लष्करी घराण्यातली, विदेलाबद्दल आदर असलेली ही बाई. इतके दिवस मुलाचे युक्तिवाद तिला हलवू शकले नव्हते.

आता खरी गोष्ट ऐका. खटला चालू होता तेव्हा अर्जेंटिनाच्या टीव्हीवर त्याची रोज फक्त तीन मिनिटं दाखवायची परवानगी होती, आणि तीही आवाजाशिवाय. लोकांना चित्र दिसायचं, शब्द नाहीत. आद्रियानाची साक्ष देशाने टीव्हीवर म्यूटमध्ये पाहिली. सदतीस वर्षांनी एका सिनेमाने त्या दृश्याला आवाज दिला आणि तो आपल्या फोनपर्यंत पोचला. स्ट्रीमिंगबद्दल माझ्या मनात शंभर तक्रारी असल्या, तरी हे श्रेय मी त्याला देतो.

मग आपल्याकडे काय? चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) यात बसतो. व्हेनिसला गौरवलेला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला. हाच ताम्हाणे पुढे ‘रोमा’च्या सेटवर क्वारोनचं काम जवळून बघत होता आणि त्याच्या ‘द डिसायपल’चा कार्यकारी निर्माता क्वारोन होता. त्यामुळे मेक्सिकोपासून मुंबईपर्यंतची ही वाट मी ओढूनताणून काढलेली नाही.

‘कोर्ट’मध्ये नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. कामगाराची बायको साक्षीला येते. नवरा कोणत्याही साधनांशिवाय गटारात उतरायचा, वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा, हे ती सपाट आवाजात सांगते. न्यायाधीश ऐकतात आणि टायपिस्टला इंग्रजीत सांगतात, काय लिहायचं ते. तिच्या तोंडचं वाक्य एका बाजूने येतं आणि दुसऱ्या बाजूने कागदावर वेगळंच होऊन उतरतं. उद्या कोणी ही फाइल उघडली, तर त्यात ती बाई सापडणार नाही. इथे टीव्हीचा आवाज कोणी बंद केला नव्हता. रोजच्या कामकाजाची पद्धतच तशी आहे.

आणि घरात? क्लिओवर तिच्या मालकांच्या मुलांचा जीव असतो. समुद्रात बुडणाऱ्या मुलांना ती वाचवते, स्वतःला पोहता येत नसताना. सगळे तिला मिठी मारतात, तिच्यावर किती प्रेम आहे ते सांगतात. घरी परतल्यावर लगेच तिच्याकडे केळ्याचा शेक मागितला जातो. आपण कामवालीला मावशी म्हणतो. नातं गोड, पगारी सुट्टी नाही. मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांना सामाजिक सुरक्षेचा हक्क मान्य केला तो डिसेंबर २०१८ मध्ये, ‘रोमा’ आला त्याच महिन्यात. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. तुमच्याकडे येणाऱ्या मावशींची त्यात नोंद आहे का, हे विचारायला सिनेमा संपेपर्यंत थांबायची गरज नाही.

शेवटी टेपबद्दल. अर्जेंटिनाचा खटला पूर्ण चित्रित झाला होता, ५३० तासांच्या आसपास. देशात पुन्हा लष्करी बंडाळ्या सुरू झाल्या, तेव्हा या टेप नष्ट होतील अशी भीती न्यायाधीशांना वाटली. १९८८ मध्ये त्यांनी त्यांच्या १४७ व्हिडिओ कॅसेट्सवर प्रती काढल्या आणि गुपचूप नॉर्वेला नेऊन ऑस्लोच्या संसदेत सुरक्षित ठेवल्या. पुढे माफी मिळाली, विदेला सुटला, माफी रद्द झाली, विदेला पुन्हा आत गेला आणि २०१३ मध्ये तुरुंगातच मेला. कॅसेट्स मात्र टिकल्या.

आपली ‘माय लिस्ट’ तेवढी भरवशाची नाही. हक्कांचा करार संपला की सिनेमा गायब होतो, कोणाला कळतही नाही. म्हणून हे दोन्ही सिनेमे या महिन्यात बघून टाका. आणि घरात कोणी १९७५ची आणीबाणी किंवा १९८२चा गिरणी संप पाहिलेलं असेल, तर त्याच फोनवर रेकॉर्डर सुरू करून त्यांना बोलतं करा. मध्ये मध्ये भाषा सुधारू नका. ‘माय’ म्हणाले तर ‘माय’च राहू द्या.