धातू ओवलेल्या बहुवारिकांचा इतिहास

संयुग्मित बहुवारिकांच्या कण्यात एकेरी बंध आणि दुहेरी किंवा तिहेरी बंध आलटूनपालटून येतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन कण्यावर दूरवर पसरू शकतात. या कण्यातच धातूची संकुले बसवण्याचा पाया जपानमधील ओसाका विद्यापीठात घातला गेला. केन्किची सोनोगाशिरा, नोबुए हागिहारा व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये पॅलेडियम आणि कॉपर आयोडाइड वापरून अल्काइन जोडण्याची अभिक्रिया प्रसिद्ध केली. तीत पॅलेडियम उत्प्रेरकाचे काम करून मोकळे होते. १९७७ मध्ये याच गटाने धातूला साखळीत कायमची जागा दिली. फॉस्फिनयुक्त प्लॅटिनम क्लोराइड आणि दोन्ही टोकांना तिहेरी बंध असलेला रेणू अमाइनमध्ये एकत्र केले, की कॉपर आयोडाइडच्या साहाय्याने दोहोंमध्ये बंध जुळत जातो. सुटणारे हायड्रोजन क्लोराइड अमाइन शोषून घेते. साखळी ताठ असूनही फॉस्फिनवरील ब्यूटिल गटांमुळे ती द्रावकात विरघळते.

त्याच वर्षी शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या शास्त्रज्ञांनी आयोडीनच्या संस्काराने पॉलिअॅसिटिलीन विद्युतवाहक होते हे दाखवले आणि संयुग्मित बहुवारिकांकडे सर्वांचे लक्ष वळले.

१९९० च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठात जॅक लुइस यांच्या गटाने दुसरी वाट काढली. अल्काइनच्या टोकाच्या हायड्रोजनऐवजी कथिलाचा ट्रायमिथाइल गट जोडल्यामुळे प्लॅटिनमखेरीज इतर काही धातूही साखळीत बसवता आले. जपानमध्ये ताकाकाझू यामामोतो यांनी निकेलच्या साहाय्याने बायपिरिडीनचे बहुवारिक तयार केले. त्यातील नायट्रोजन अणू धातूला धरून ठेवतात, म्हणून आधी कणा घडवून मग त्यावर रुथेनियमसारखा धातू चढवणे शक्य झाले.

प्लॅटिनमच्या साखळ्यांचे खरे महत्त्व प्रकाशाच्या अभ्यासात कळले. विद्युतप्रवाहाने उत्तेजित अवस्था निर्माण होतात, तेव्हा निव्वळ संभाव्यतेनुसार चारांपैकी तीन त्रिक (इलेक्ट्रॉनांच्या फिरक्या समांतर) आणि एक एकल (फिरक्या विरुद्ध) अवस्था असायला हव्यात. साध्या सेंद्रिय बहुवारिकांत त्रिक अवस्था सहसा प्रकाश देत नाहीत, त्यामुळे त्यांची मोजदाद कठीण असते. प्लॅटिनमच्या जड अणूमुळे इलेक्ट्रॉनच्या फिरकीचे बंधन सैल होते आणि या अवस्थाही प्रकाशमान होतात. रिचर्ड फ्रेंड यांच्या केंब्रिजमधील गटाने २००१ मध्ये याच गुणाचा उपयोग करून एकल अवस्थांचे प्रमाण मोजले: एकवारिकात (साखळीच्या एका सुट्या घटकात) ते सुमारे २२ टक्के, तर बहुवारिकात सुमारे ५७ टक्के आढळले. साखळीची लांबी प्रकाशनिर्मितीवर परिणाम करू शकते, असा त्यातून निष्कर्ष निघाला.