खेळाची भैरवी

मैफल कितीही रंगली तरी तिची सांगता कशी व्हावी, याविषयी महाराष्ट्रातील रसिकांच्या मनात संदेह नसतो. गवयाने भैरवीचे सूर लावले की निरोपाची वेळ आली, हे श्रोत्यांना न सांगताच उमगते. संस्कृत नाटकास भरतवाक्य असे. कीर्तन आरतीने संपते. व्हिडिओ गेम हा रंजनाचा नवा प्रकार; त्याला मात्र अशी रीत सहजासहजी लाभली नाही. नाटकाचा पडदा एका रात्रीत पडतो. हे खेळ कित्येकदा वर्षानुवर्षे वाढत राहतात, त्यांत नवी स्थळे व नवे प्रसंग यांची भर पडत जाते. मग एके दिवशी रचनाकार आपले काम थांबवितात, आणि खेळणाऱ्यांच्या मनाला हुरहूर लागते.

या हुरहुरीशी संगीताचे नाते जवळचे आहे. आरंभीच्या यंत्रांतून एका वेळी मोजकेच स्वर उमटत. त्यामुळे लहानशी सुरावट पुन्हा पुन्हा वाजविणे संगीतकारांना भाग पडे. पण जात्यावरची ओवी जशी हातांच्या गतीबरोबर मनात मुरते, तशीच ही सुरावट खेळणाऱ्याच्या अंगी भिनली. कोजी कोंदो यांनी १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स'साठी रचलेली धून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ साली राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या सूचीत दाखल केली. तो मान मिळविणारे ते पहिलेच खेळ-संगीत होय.

निरोप कसा द्यावा, याचा एक धडा जपानने घालून दिला. 'फायनल फँटसी फोर्टीन' हा स्क्वेअर एनिक्सचा खेळ २०१० साली आला आणि फसला. नाओकी योशिदा यांनी तो नव्याने उभारण्याचे ठरविले. पण जुने जग गुपचूप मिटवून टाकले नाही. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी ते बंद झाले, तेव्हा कथेतच आकाशातून चंद्र कोसळला आणि त्या संहारावर नोबुओ उएमात्सु यांचे 'आन्सर्स' हे गीत निनादले. खेळ सदोष होता, तरी त्याला भैरवी मिळाली. पुढे २०१३ च्या ऑगस्टमध्ये तो नव्या रूपात परतला.

पुण्याची कथा याच्या अगदी उलट आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयन मॉड यांनी 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ रचावयास घेतला. २०१७ साली लोकवर्गणीचा यत्न निष्फळ ठरला, आणि खेळ जन्मापूर्वीच संपतो की काय, असे झाले. तरीही २०२० साली तो जगापुढे आला. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेली राजी, राजस्थानी वास्तूंची आठवण देणारे वाडे, छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा आणि लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराची स्वररचना यांनी तो नटला होता. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही लाभले. परंतु कथा ऐन रंगात तुटली, अशी खंत पुष्कळांनी व्यक्त केली. २०२२ च्या सुधारित आवृत्तीने हिंदी संवाद दिले.

अशा खंतीला केवळ तक्रार समजणे उचित नव्हे. ज्या मैफलीत मन रमले नाही, तिच्या भैरवीसाठी कोणी थांबत नाही. सर्व्हर बंद पडला की त्या जगाची वाट कायमची मिटते. जुन्या वास्तूसारखे तेथे पुन्हा जाऊन उभे राहता येत नाही. मागे उरते ती सुरावट. ती कानी पडताच हरवलेले जग क्षणभर डोळ्यांपुढे उभे राहते. म्हणून खेळ रचणाऱ्याने आरंभाइतकाच शेवटाचाही विचार करावा. आपण उभारलेल्या जगात इतरांनी आयुष्याचे दिवस घालविले आहेत, याची ती पोच होय.