फायास

स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराचा प्रसिद्ध लोकोत्सव. लॅटिन ‘फाकुला’ (मशाल) या शब्दावरून हे नाव पडले. मुख्य उत्सव १५ ते १९ मार्च या काळात असतो. १९ मार्च हा सुतारांचा आश्रयदाता संत जोसेफ याचा सण होय. वसंतारंभी सुतार हिवाळ्यातील दिव्यांच्या लाकडी घोड्या जाळीत व त्यातूनच उत्सवाचा उगम झाला, अशी पारंपरिक समजूत आहे. अठराव्या शतकात होळीवर शेजाऱ्यापाजाऱ्यांची थट्टा करणाऱ्या बाहुल्या चढवीत. विडंबन हाच उत्सवाचा प्राण असल्याने सत्ताधाऱ्यांना तो खुपत असे : एकोणिसाव्या शतकात नगरपालिकेने त्यावर निर्बंध लादले, तर फ्रँकोच्या राजवटीत (१९३९–७५) त्यावर अभ्यवेक्षणाची नजर राहिली.

चौकाचौकांत उभारलेले, कित्येकदा अनेक मजली उंचीचे देखावे म्हणजेच ‘फाया’. लाकूड, कागदाचा लगदा आणि अलीकडे पॉलिस्टायरीन यांपासून ते बनवितात. दुपारी दोन वाजता फटाक्यांचा तालबद्ध गडगडाट होतो. १७ व १८ तारखांना पारंपरिक वेशातील स्त्री-पुरुष मेरीमातेला फुले वाहतात. महिनोन्‌महिने खपून घडविलेले हे देखावे १९ मार्चच्या रात्री जाळले जातात. १९३४ पासून लोकमताने निवडलेली एक बाहुली मात्र वाचते व संग्रहालयात जाते. यूनेस्कोने २०१६ मध्ये या उत्सवाचा मानवी अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. महासाथीमुळे २०२० मधील उत्सव स्थगित झाला. २०२१ मध्ये तो सप्टेंबरात झाला.