संपादनवाद आणि तटस्थता : मुक्त ज्ञानकोश

ज्या ज्ञानकोशात कोणालाही लेख लिहिता येतो आणि दुसऱ्याचा लेख बदलता येतो, त्यात मजकुरावरून होणाऱ्या मतभेदाला संपादनवाद म्हणतात. याचे सर्वांत मोठे उदाहरण विकिपीडियाचे आहे. त्याची इंग्रजी आवृत्ती १५ जानेवारी २००१ रोजी आणि मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी सुरू झाली. एकाने घातलेले वाक्य दुसऱ्याने काढायचे, पहिल्याने ते पुन्हा घालायचे, असे सुरू झाले की त्याचे संपादनयुद्ध होते. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनहून अधिक वेळा दुसऱ्यांचे बदल उलटवण्यास मनाई आहे. वाद चिघळला तर प्रचालक पान सुरक्षित करतात आणि दोन्ही बाजूंना चर्चापानावर बोलायला लावतात. मराठी विकिपीडियावर सर्वांच्या प्रश्नांसाठी 'चावडी' आहे. बाहेरून हा सारा गोंधळ वाटतो. पण तटस्थता याच भांडणातून घडते, आणि भांडायला माणसे व पुरावे कमी पडतात तिथे ती बिघडते.

तटस्थतेसाठी संपादकाला स्वतःचे मत सोडावे लागत नाही. धोरणात तिचा अर्थ नेमका आहे: विश्वासार्ह प्रकाशित साहित्यात आढळणारी मते ज्याची त्याच्या नावावर, आणि त्या साहित्यात त्यांना जेवढे वजन आहे तेवढ्याच प्रमाणात मांडायची. यात खरी अडचण प्रमाणाची असते. वऱ्हाडातल्या वाचकाला ती अनुशेषाच्या, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांच्या तुटीच्या, प्रश्नावरून लगेच कळेल. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांहून थोडा अधिक काढला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के होता. वेगळ्या विदर्भाचा समर्थक लिहील की सर्वांत मोठा अनुशेष विदर्भाचा. विरोधक लिहील की उर्वरित महाराष्ट्रही जवळजवळ तेवढाच मागे. दोन्ही वाक्ये खरी, दोन्हींना संदर्भ आहे, तरीही एकेकटी वाचली तर दोन्ही फसवतात. समर्थकाला उत्तर देताना १९८१ ची जनगणना आणावी लागते: तेव्हा विदर्भात राज्याची एक चतुर्थांशाहून कमी लोकसंख्या होती आणि उर्वरित महाराष्ट्रात निम्म्याहून बरीच अधिक. मग विरोधक विचारतो, समितीने अनुशेष मोजला तो कोणत्या क्षेत्रांचा आणि कोणत्या निकषावर? मराठी प्रदेशांच्या एकत्र राज्याच्या अटी ठरवणारा १९५३ चा नागपूर करार आणि वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस करणारा १९५५ चा फाजल अली आयोग, दोन्ही लेखात येतात ते अशाच ओढाताणीत. कोशाने स्वतःच्या आवाजात 'अन्याय झाला' म्हणायचे नसते. पण अनुशेषाचा तक्ता झाकून ठेवणे हीदेखील बाजू घेणेच होय.

त्यापेक्षा तज्ज्ञांनी केलेला कोश बरा, असे म्हणता येईल. अमरावतीत शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश हा मराठीतला अजोड उद्योग आहे, आणि त्याचे पाच प्रस्तावनाखंड आजही विचार करायला लावतात. मात्र त्यात केतकरांची मते जागोजाग आहेत, आणि ती न पटणाऱ्या वाचकाला कोशाच्या पानावर जागा नव्हती. तज्ज्ञांच्या कोशातही वाद होतात, पण ते कचेरीतच राहतात. मुक्त कोशात प्रत्येक बदल 'इतिहास' या कळीमागे तारखेसह दिसतो, आणि चूक कोणी, केव्हा, कशाच्या आधारे घातली हे वाचकाला तपासता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: काही विषय असे मोकळे सोडावेत का? फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट प्रदर्शित झाल्यावर इंग्रजी विकिपीडियावरील छत्रपती संभाजी महाराजांच्या लेखावरून महाराष्ट्रात संताप उसळला. राज्याच्या सायबर विभागाने मजकूर काढण्यासाठी विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. संतापामागे खरे कारण आहे. महाराजांची मलीन प्रतिमा ज्या बखरींतून पसरली, त्यांपैकी मल्हार रामराव चिटणीसांची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली, तीही महाराजांनी देहदंड दिलेल्या बाळाजी आवजींच्या घराण्यातल्या माणसाने. वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांनी कागदपत्रे तपासून ती प्रतिमा बदलली. तेव्हा लेखात बखरीचे म्हणणे यावे, तिचा काळ व हितसंबंध यावेत आणि बेंद्रे-गोखले यांचे निष्कर्ष त्यांच्या वजनाने यावेत. नोटिशीने एखादे वाक्य निघेल, पण बेंद्र्यांचा युक्तिवाद लेखात शिरणार नाही. आणि गुन्ह्याच्या भीतीने आधी निघून जातो तो सावधपणे लिहिणारा संपादक. आदराचा प्रश्न वेगळा आहे. मराठीत गाडगे महाराजांविषयी एकवचनात लिहिणे हाच कल ठरेल. इंग्रजीतला उपाधी टाळण्याचा नियम इथे जसाच्या तसा आणण्याचे कारण नाही.

तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे: छापील संदर्भावर उभी तटस्थता ज्यांच्याकडे छापखाना होता त्यांच्याकडे झुकते. बडनेऱ्याचे पाहा. मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरचे हे जंक्शन. अमरावतीचा फाटा इथूनच निघतो. गाव १९८३ पासून अमरावती महापालिकेत आहे, पण विधानसभा मतदारसंघ बडनेरा याच नावाचा. हे स्वतंत्र गाव म्हणून लिहायचे की शहराचा भाग म्हणून, हा खरा संपादनवाद आहे. अशा पानाला एकच संपादक लाभला आणि त्याने १९११ च्या जिल्हा गॅझेटियरवरच भिस्त ठेवली, तर साहेबाच्या महसुली नजरेचे गाव वाचकापुढे येते आणि हरकत घ्यायला कोणी नसते. जिनिंगमध्ये खपलेल्या माणसांची आठवण छापलेली नाही म्हणून ती थेट लेखात घेता येत नाही. ती आधी कोणीतरी नोंदवून प्रसिद्ध करायला हवी, आणि हे काम वऱ्हाडातल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे. जुनी वृत्तपत्रेही उपयोगी पडतील. ब्रिजलाल बियाणींनी सुरू केलेल्या अकोल्याच्या 'मातृभूमी'चा अंक संदर्भाला घेताना बियाणी वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते होते, हे त्याच वाक्यात लिहावे.