विरजण हरवलेली बिअर

पहिला घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. बिअर खराब झालीय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पुण्यातल्या एका ब्रुपबमध्ये बसलो होतो. मेन्यूकार्डावर ‘कोकम गोझे’ असं काहीतरी लिहिलं होतं आणि मी निव्वळ कोकमाच्या ओढीनं ते मागवलं होतं. रंग सुरेख गुलाबी, पण चव आंबट. वर चक्क खारट. वेटरला बोलावून म्हटलं, “दादा, ही नासलीय.” अशी गिऱ्हाइकं त्याला रोज भेटत असावीत. तो हसून म्हणाला, “नाही सर, ती अशीच असते. बिनधास्त प्या.”

प्यायलो. अर्धा ग्लास संपल्यावर लक्षात आलं, ही चव आपल्या चांगल्याच ओळखीची आहे. आंबटपणा, मीठ आणि मागून हळूच येणारा धण्याचा वास. लग्नाच्या पंगतीत जिलबीनंतर वाटीनं मठ्ठा पिणाऱ्या माणसानं या बिअरला नासकी म्हणावं, हा विनोदच होता.

त्या रात्री घरी येऊन ‘गोझे’ शोधायला बसलो, ते पुढचे कित्येक आठवडे शोधतच राहिलो. कारण एका शब्दानं मला धरून ठेवलं होतं. आपल्याकडे दूध नासतं, पीठ आंबतं आणि दह्याला विरजण लागतं. सूक्ष्मजीवांच्या कामाला आपण तीन वेगळी क्रियापदं दिलीत. पहिलं आपण फेकून देतो, दुसऱ्याच्या आंबोळ्या घालतो आणि तिसरं संपलं तर वाटी घेऊन शेजारी जातो. युरोपात मात्र गेल्या दीडशे वर्षांत आंबलेल्या बिअरला ‘नासलेली’ ठरवलं गेलं. ती परत ‘आंबलेली’ कशी झाली, त्याची ही गोष्ट.

बिअरच्या इतिहासात आंबटपणा हा अपवाद नव्हताच. धान्याचा गोड काढा लाकडी पिंपात ठेवला, की यीस्टबरोबर लॅक्टोबॅसिलस जिवाणूही कामाला लागत. दही लावणाऱ्या जिवाणूंचेच हे भाऊबंद. हॉप्सची फुलं घातली तर त्यांना थोडा आळा बसे, इतकंच. पण काही गावांना तो आंबटपणा हवाच होता. बर्लिनची गव्हाची ‘वाइसं’ अशीच. नेपोलियनच्या सैनिकांनी १८०९ साली तिला ‘उत्तरेची शॅम्पेन’ म्हटलं, असं सांगतात.

मग प्रयोगशाळा आली. लुई पाश्चरनं १८७६ मध्ये बिअरवरचं आपलं पुस्तक छापलं. त्यात बिअरचे ‘आजार’ होते आणि आंबटपणा त्यातलाच एक. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेननं यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवली. त्याच सुमारास यांत्रिक रेफ्रिजरेशन आलं. आता सोनेरी, स्वच्छ, थंडगार लागर बारा महिने एकाच चवीची बनू लागली. ग्राहकाला ते आवडलं आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. खात्रीची चव ही तेव्हा चैन होती. पण त्या खात्रीपुढे आंबट बिअर गावठी आणि संशयास्पद दिसू लागली.

गोझेचं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. हिचं मूळ जर्मनीतल्या गोस्लार गावचं, नाव तिथल्या गोझे नदीवरून. पण तिला खरं घर मिळालं लायपझिग शहरात. १९०० च्या सुमारास तिथे गोझे विकणाऱ्या ऐंशीहून जास्त खानावळी होत्या. लांब मानेच्या बाटलीत ती भरत आणि बूच लावतच नसत. यीस्ट फसफसत वर येई आणि मानेत तिचंच बूच तयार होई. १८९९ साली उघडलेल्या एका खानावळीचं नाव ‘ओने बेडेंकन’, म्हणजे ‘बेलाशक’. नवखं गिऱ्हाईक ग्लासाकडे पाहून विचारी, हे प्यायलं तर चालतं ना? वेटर म्हणे, “बेलाशक!” त्यावरून हे नाव पडलं, अशी आख्यायिका आहे. हे वाचलं तेव्हा मला आपला पुण्याचा वेटर आठवला आणि मी एकटाच हसलो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लायपझिग पूर्व जर्मनीत गेलं. १९४५ मध्ये गोझेची मोठी ब्रुअरी, डोलनिट्सची, सरकारजमा होऊन बंद पडली. तिथे काम शिकलेल्या फ्रीडरिश वुर्त्स्लरनं १९४९ मध्ये लायपझिगमध्ये छोटी ब्रुअरी काढली. कृती फक्त त्याला ठाऊक. त्याच्यानंतर ती त्याचा सावत्र मुलगा गिडो फ्निस्टरकडे आली. १९६६ मध्ये तोही गेला आणि ब्रुअरीला कुलूप लागलं. तिच्यावर कुणी बंदी घातली नव्हती. ती बनवणारा शेवटचा माणूस गेला, एवढंच. शेजारी जाऊन विरजण मागावं, तर एकाही घरात ते उरलं नव्हतं.

वीस वर्षं अशीच गेली. १९८० च्या दशकात लोथार गोल्डहान नावाच्या माणसानं बंद पडलेली ‘ओने बेडेंकन’ परत उभी करायला घेतली. पण गोझेच्या खानावळीत गोझेच नाही, हे त्याला पटेना. त्यानं म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना चव कशी होती ते विचारलं. वुर्त्स्लरकडे पूर्वी काम केलेला एक माणूस सापडला, त्याच्याजवळ टिपणवही होती. त्या वहीवरून आणि म्हाताऱ्यांच्या जिभेवरच्या आठवणीवरून पूर्व बर्लिनमधल्या एका ब्रुअरीत गोझे पुन्हा बनली आणि १९८६ मध्ये खानावळ उघडली. एक वही आणि काही म्हाताऱ्या जिभा, एवढ्यावर ही बिअर मागे आली.

बेल्जियममध्ये लँबिकचं विरजण तुटलं नाही, पण झिजलं. ब्रुसेल्सच्या आसपास बनणारी ही बिअर यीस्ट विकत घेत नाही. गहू आणि बार्लीचा उकळलेला काढा हिवाळ्याच्या रात्री उथळ, उघड्या हौदात निवायला ठेवतात. हवेतून आणि त्या इमारतीतून जे जीव येतील, ते तिचं विरजण. मग लाकडी पिंपात एक, दोन, तीन वर्षं. विसाव्या शतकात बहुतेक उत्पादकांनी तिच्यात साखर घालून ती सोड्यासारखी गोड केली. काही थोडे हट्टाला पेटले. कांतियाँ ब्रुअरीच्या ज्याँ-पिएर व्हान रॉय यांनी १९७८ मध्ये चालू कारखान्याचंच संग्रहालय केलं. लोक निदान बघायला तरी येतील, असा त्यामागचा विचार.

मग ही चव पुण्यातल्या मेन्यूकार्डावर कशी पोचली? वाट अमेरिकेतून आली. कोलोरॅडोच्या न्यू बेल्जियम ब्रुअरीत १९९६ मध्ये पेटर बोकार्ट हा बेल्जियन ब्रुअर आला आणि पिंपांत आंबवलेल्या बिअरची गोडी तिथल्या शौकिनांना लागली. पण शौकिनांवर बाजार चालत नाही. बाजार उघडला ‘केटल सावर’ या युक्तीनं.

ती मला माझ्या एका ब्रुअर मित्रानं दाखवली. हॉप्स न घातलेला काढा चाळीसेक अंशांवर ठेवायचा, लॅक्टोबॅसिलस सोडायचे आणि एक-दोन दिवस झाकून ठेवायचं. अगदी दही लावल्यासारखं. हवी तेवढी आंबट झाली, की उकळून जिवाणू मारायचे. मग नेहमीसारखी बिअर. जिवाणू जिवंत राहिले तर बाकीच्या टाक्यांत शिरतील, ही ब्रुअरची भीती उकळीनं संपते. तीन वर्षांचं काम काही आठवड्यांत होतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सिएरा नेवाडानं निवडुंगाची फळं घातलेली गोझे काढली, डॉगफिश हेडनं लिंबू आणि समुद्री मीठ घातलेली आंबट बिअर आणली आणि ती साध्या दुकानांत दिसू लागली. आपल्याकडचे ब्रुअर मग कोकमाकडे वळले, यात नवल नाही.

मी मित्राला थोडं कुजकटपणे विचारलं, “म्हणजे हा शॉर्टकटच ना?” तो म्हणाला, “पिंपं तीन वर्षं ठेवायला पुण्यात जागेचं भाडं कोण देईल? आणि तू तरी त्या ग्लासाचे किती देशील?” मी गप्प बसलो. कारण त्याच्या स्वस्त ग्लासामुळेच तर मी लायपझिगपर्यंत पोचलो होतो.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. केटलमधलं विरजण पाकिटात मिळतं. हवेतलं मिळत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये कांतियाँला काही काळ काम थांबवावं लागलं, कारण रात्री पुरेशा थंड होत नव्हत्या. ऊब वाढली की नको ते जीव हौदात उतरतात. तेव्हा खरोखरच बिअर नासते. आंबणं आणि नासणं यांच्यातली ती रेघ थर्मामीटरवर काही अंशांची आहे आणि हिवाळे सरकताहेत.

परवा मित्राकडे गेलो तेव्हा तो एका डाग पडलेल्या वहीत प्रत्येक बॅचचं तापमान आणि तास लिहीत होता. मी म्हटलं, “ही वही जपून ठेव.” तो म्हणाला, “फोटो आहेत रे फोनमध्ये.” मी तरीही त्याच्याकडून ती वही मागून घेतली आणि घरी आणून अख्खी उतरवून काढली. शेजाऱ्यांकडे वाटीभर विरजण ठेवलेलं बरं.