उजेडाशी झुंजणारी रेष

रुग्णालयातल्या यंत्रावर हृदयाच्या ठोक्यांबरोबर वर-खाली धावणारी हिरवी रेष आपण सगळ्यांनीच, निदान सिनेमात तरी, पाहिली आहे. ही रेष ऑसिलोस्कोपच्या कुळातली. क्षणोक्षणी बदलणाऱ्या विद्युतदाबाचा आलेख हे यंत्र पडद्यावर काढते. त्याचा इतिहास विजेचा आहे, तितकाच उजेडाचाही आहे.

१८९७ साली स्ट्रासबुर्गमध्ये कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने कॅथोड किरणांची नळी वापरून हे काम साधले. इलेक्ट्रॉनांचा झोत लेप दिलेल्या पडद्यावर आदळला, की तिथे ठिपका उजळतो. ठिपका धावला, की रेष उमटते. पण तो जितका वेगाने धावेल, तितकी रेष फिकी. खोलीत ऊन आले, की ती दिसेनाशीच होते.

ही अडचण केवळ प्रयोगशाळेपुरती नव्हती. १९४० मध्ये जर्मन विमाने ब्रिटनवर चालून येत होती, तेव्हा किनाऱ्यावरच्या 'चेन होम' रडार केंद्रांत अनेक तरुणी अशाच रेषांवर डोळे लावून बसत. रेषेतली बारीकशी खाच म्हणजे येणारे विमान. ती नजरेतून निसटली, तर इशारा द्यायला उशीर ठरलेला! म्हणून पडद्याजवळचा उजेड मंद ठेवावा लागे.

युद्धानंतर ऑसिलोस्कोप कारखान्यांत आणि दुरुस्तीच्या टेबलांवर आला. तिथे अंधार कुठून आणायचा? मग पडद्यावर रबरी टोपण बसवून त्यात डोळे खुपसायची पद्धत पडली. हिरवा लेप लोकप्रिय झाला, कारण दिवसाउजेडी आपला डोळा हिरवट-पिवळ्या रंगाला सर्वाधिक दाद देतो. एकदाच घडून जाणारी घटना टिपण्यासाठी पडद्यासमोर कॅमेरा लावत. १९६३ साली टेक्ट्रॉनिक्स कंपनीने रेष पडद्यावरच धरून ठेवणारा ऑसिलोस्कोप बाजारात आणला.

खरा पालट केला तो डिजिटल तंत्राने. १९७० च्या दशकापासून अशी यंत्रे येऊ लागली. ती विद्युतदाब मोजून आकडे स्मृतीत साठवतात आणि त्यांवरून रेष पुन्हा पुन्हा काढतात. घटना कितीही क्षणिक असो, रेष ठळकच! वेग आणि तेज यांची जुनी गाठ अखेर सुटली.

पुढे काचेच्या नळीची जागा एलसीडी पडद्याने घेतली. यंत्र हलके झाले, हातात मावू लागले आणि घराबाहेर पडले. तिथे मात्र जुना प्रतिस्पर्धी उभाच होता. पडद्यामागच्या दिव्याने रेष कितीही उजळली, तरी उन्हात पडद्याचा काळा भागही चकाकतो. काळे काळे राहिले नाही, तर पांढरे उठून कसे दिसणार? फळ्यावर ऊन पडले, की खडूची अक्षरे पुसट होतात, तसेच हे.

म्हणूनच उघड्यावर काम करणारा तंत्रज्ञ आजही पडदा जरा तिरका करतो आणि त्यावर तळहाताची सावली धरतो. यंत्राने स्मरणशक्ती मिळवली, पण सूर्यापुढे त्याला अजून माणसाच्या हाताचा आडोसा लागतो.